आठवड्याची घोडचूक

आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त होत असली की यंत्राच्या तेलाचा वास येतो आणि मला ओशाळायला होतं. लढाईच्या एका ऑनलाइन खेळाचा ग्रुप मी चालवायचो. लोक कंटाळून सोडून जाऊ नयेत म्हणून दर शनिवारी कुणाच्यातरी हरलेल्या डावाची अर्ध्या मिनिटाची क्लिप ‘आठवड्याची घोडचूक’ म्हणून टाकायचो, वर माझा एक खवचट शेरा. सगळे खिदळायचे. बंगळुरूजवळच्या आनेकलच्या एका कानडी अण्णांचा डाव त्यात हटकून असायचा. एकदा शहरात, मारतहळ्ळीत सगळ्यांनी भेटायचं ठरलं, तेव्हा बोम्मसंद्रातल्या कारखान्याची सकाळची पाळी संपवून, दोन बस बदलून ते सगळ्यांच्या आधी पोचले. पन्नाशीचे गृहस्थ, हातांना तोच तेलाचा वास. समोरची कॉफी बाजूला सारून त्यांनी पिशवीतून वही काढली. पानापानावर माझे शेरे, शब्दन् शब्द उतरवलेले, आणि प्रत्येकाखाली ‘सुधारणा’ असं लिहून सोडलेली जागा. “सर, इथं तुम्ही ‘फौज सहलीला निघाली’ म्हटलात. सरी, बरोबर आहे, चुकलंच माझं. पण मग कुठं न्यायची होती? स्वल्प, थोडं सांगा की.” तो डाव मी पूर्ण पाहिलाच नव्हता. त्यांचा एकही पाहिला नव्हता. “बघून मेसेज करतो,” एवढंच म्हणालो. त्यांनी लगेच त्या जागेत लिहिलं, ‘सर कळवणार आहेत.’ मी कळवलं नाही. पुढच्या शनिवारच्या आत गुपचूप ग्रुपच सोडला. अण्णा अजून तिथं खेळतात म्हणे.