विषामृताचा डाव

तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावातल्या क्वार्टर्समध्ये राहायला आलो तेव्हा माझी लेक तिसरीत होती. वसाहतीच्या मागच्या रस्त्याला एचआयव्ही असलेल्या मुलांचं एक वसतिगृह होतं. दर रविवारी संध्याकाळी मी तिथल्या मुलांना खेळवायला जायचे, लेकीला घेऊन. शेजारणी म्हणायच्या, "पोरीला कशाला नेता हो?" हात लावल्याने, एकत्र खेळल्याने काही होत नाही, हे मी त्यांना ठासून सांगायचे. आणि घरी आल्यावर लेकीची ढोपरं-कोपरं उलटीसुलटी करून बघायचे, कुठे खरचटलं तर नाही ना म्हणून. मन चिंती ते वैरी न चिंती, दुसरं काय!

खरा घोर होता तो तिथल्या एका मुलीचा. लेकीच्याच वयाची, नुसती वाळलेली काडी. शाळेत तिच्या बाकावर कोणी बसेना, तेव्हापासून ती कोणाला अंगाला हात लावू देत नसे. पायरीवर बसून राहायची. भूक नाही, आणि उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की उलटी. "हिला पळवा, खेळवा, भूक लागू दे," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वसतिगृह सांभाळणाऱ्या अक्का दर वेळी मला तिचं टाकलेलं ताट दाखवायच्या.

त्या रविवारी अक्कांशी बोलत होते, तर अंगणातून आरडाओरडा आला, "विष! विष!"

सुट्टीत खडकीला मामाकडे शिकलेला विषामृताचा खेळ माझ्या बयेने इथे सुरू केला होता! ज्याच्यावर राज्य, त्याने शिवून 'विष' म्हणायचं, की शिवलेल्याने खाली बसायचं. मोकळ्या गड्याने येऊन हात लावला, 'अमृत' म्हटलं, की उठून पळायचं. आपल्याकडचा साधा खेळ. पण अगं कार्टे, इथे? या पोरांना? विष म्हणजे काय, हे तमिळ पोरांना वेगळं सांगावं लागत नाही; त्यांच्या भाषेतही शब्द तोच.

थांबवायला धावले, तर पायरी रिकामी! लेकीने तिलाही ओढून खेळात घेतलं होतं. थांबवलं तर ती पुन्हा पायरीवर जाणार, चालू ठेवलं तर कोणीतरी तिला 'विष' म्हणणार.

आणि तिला शिवलंच. राज्य असलेल्या उंच मुलीने पाठीत थाप मारली, "विष!" ती मटकन खाली बसली, मान गुडघ्यांत. झालं, संपलं सगळं, मी मनात म्हटलं. तेवढ्यात माझी लेक धावत आली, तिच्या डोक्यावर टपली मारून ओरडली, "अमृत! ओडु, ओडु!" पळ, पळ. आणि ती पळाली. खरंच पळाली हो, फ्रॉक सावरत!

पुढच्याच क्षणी लेक सापडली. बाकीचे सगळे आधीच बसलेले. मोकळी उरली ती एकटी. ती लेकीपाशी आली, हात पुढे केला आणि तो हवेतच राहिला. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. लावू का, असं विचारत होती ती मला. उंच मुलगी मागून येतच होती.

"अगं, बघतेस काय? लाव हात!" मी मराठीतच किंचाळले आणि स्वतःच्या डोक्यावर थोपटून दाखवलं.

तिने लेकीच्या डोक्यावर तळवा टेकवला. "अमिर्दम्," ती हळूच म्हणाली.

"किती वेळ लावलास! पाय दुखले ना माझे," लेक तिच्यावर खेकसली आणि तिचा हात धरून पळत सुटली.