बापाने निवडलेले विषय

शाळेत त्यांना सगळे मामा म्हणत. घंटा द्यायची, खडू पोचवायचे आणि उरलेला वेळ व्हरांड्यातल्या स्टुलावर बसून वर्गांतलं ऐकायचं, ही शिपाईमामांची नोकरी. कोणते मास्तर पोरांना जीव लावतात आणि कोणते जीव खातात, ते त्यांना दाराबाहेरूनच कळे.

गणिताच्या सरांना पोरं 'करवत' म्हणत. फळ्यापाशी उत्तर चुकलं की ते अशी सालटी काढत की मिसरूड फुटलेली पोरंही बाहेर येऊन रडत. मामा त्यांना पाणी देत. मामांची स्वतःची शाळा अशाच एका फळ्यापाशी सुटली होती.

मामांच्या एकुलत्या एका लेकीला घरांचे आराखडे काढायचं वेड. आर्किटेक्ट व्हायचं, हे तिचं लहानपणापासून ठरलेलं. कुणाकडे गेली की तुमची खिडकी चुकीच्या भिंतीला आहे, असं सांगून घरमालकाचं तोंड कडू करायची. ती त्याच शाळेत होती. शेवटच्या दोन वर्षांसाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिने गणित घेतलं, आणि मामांच्या डोळ्यांपुढे करवत उभी राहिली.

त्यांनी भूगोलाचा धोशा लावला. भूगोलाचे सर देवमाणूस, मार्क सढळ हाताने देतात, आणि मार्क असले की कोणतंही कॉलेज दार उघडतं, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजात जाऊन विचारावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. विषय म्हणजे त्यांच्या लेखी तो शिकवणारा माणूस. लेक वाद घालून थकली. शेवटी बापाचा उतरलेला चेहरा बघून तिने गणित सोडलं.

वर्ष सरायच्या आत करवतीची बदली झाली. नव्या बाई आल्या आणि गणिताच्या तासाला वर्गातून हसण्याचे आवाज येऊ लागले. मामा हात जोडून ऑफिसात गेले. विषय बदलायची मुदत केव्हाच टळली होती.

लेक शाळेत पहिली आली. आर्किटेक्चर कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसाने तिचे मार्क पाहिले, विषय पाहिले, आणि गणिताशिवाय इथे प्रवेश मिळत नाही, असं सांगून मागच्या मुलाला पुढे बोलावलं. गणित घेऊन पुन्हा दोन वर्षं बसायचं म्हटलं, तर मामांची नोकरी त्याच वर्षी संपत होती. तिच्यासाठी फरशांच्या दुकानात एक जागा होती, तिथे ती लागणार हे दोघांनाही न बोलता कळलं.

बसस्टॉपवर ती म्हणाली, "बाबा, मला करवत सरांची कधीच भीती वाटली नाही."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाटत होती ना."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बस आली. ती आधी चढली आणि त्यांच्यासाठी जागा धरून बसली.