तिण्णैवरच्या पेशी

घराच्या ओट्यावर, म्हणजे आमच्या तंजावुरी भाषेत तिण्णैवर, दोन पोरींना पेशी शिकवायला बसलं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. ते आपल्या पायांनी येतात, आणि चपला काढायचीही तसदी घेत नाहीत.

मी शाळेत गेले चौथीपर्यंत. पुढचं सगळं घरात शिकले. आधी दिराची पुस्तकं, मग मुलाची, मग नातवाची. त्यांनी ती परीक्षेपुरती वाचली, मी समजेपर्यंत वाचली! राजवाड्याच्या आसपासच्या आमच्या गल्लीत देवनागरी फारसं कुणी वाचत नाही, तीही मीच मला शिकवली. नातवानं मद्रासहून एक जुना मायक्रोस्कोप आणून दिला आणि मी प्लस टूची, म्हणजे बारावीची, बायॉलॉजी ट्यूशन काढली. पाटी लावली नाही. ज्याला गरज आहे तो विचारत येतो.

पहिला नियम, मला आजी म्हणायचं नाही. अक्का म्हणायचं. आजी म्हटलं की लोक तुम्हाला वाती वळायला बसवतात.

पोरी दोन. जयंती, जिचं तोंड बंद होत नाही. आणि सुगुणा, जिचं उघडत नाही. सुगुणेला सगळं येतं, पण परक्या माणसासमोर आवाज फुटत नाही. तिला त्रिचीला बी.एस्सी. करायचं होतं. तिचे अप्पा पंचापकेशराव सरकारी ऑफिसातले. त्यांनी मला तिण्णैवर उभ्या उभ्याच सांगितलं, "प्रॅक्टिकलला ही तोंडी परीक्षेत बोलली तर त्रिची. नाहीतर कोपऱ्यावर कंप्युटर सेंटर उघडलंय. तिथं बोलावं लागत नाही, नुसती बटणं दाबायची!"

त्या दिवसांत जो तो कंप्युटरच्या मागे. सेंटरात एसी. माझ्याकडे ताडाच्या पानाचा पंखा, तोही आळीपाळीनं.

*

पहिला धडा कांद्याच्या पापुद्र्याचा. तो भिंगाखाली ठेवला की पेशी विटांसारख्या ओळीनं दिसतात. आता जयंतीच्या घरी तिच्या पाटीचं राज्य. पाटी म्हणजे आजी. कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही. पोरीनं बाहेरून कांदा घेतला, अर्धा कापून कंपासपेटीत ठेवला आणि पेटी दप्तरात.

पाटी देवघरात जप करत होती. डोळे मिटलेले. तिथूनच ओरडली, "जयंती! काय आणलंस?"

प्रकरण माझ्याकडे आलं. मी पाटीला शांतपणे समजावलं, "यात पोरीचा दोष नाही. याला डिफ्यूजन म्हणतात. जिथं वासाच्या कणांची गर्दी जास्त तिथून ते गर्दी कमी असेल तिथं आपोआप जातात. कुणी न्यावं लागत नाही."

पाटीनं माळ खाली ठेवली. "म्हणजे माझ्या देवघरात गर्दी कमी आहे म्हणतेस?"

*

मग गालाच्या पेशी. गालाच्या आतून काडी फिरवायची, काचेवर लावायची, निळा रंग घालायचा. पंचापकेशराव नेमके तपासणीला आले. मी म्हटलं, "या, तुमच्याच बघू."

त्यांच्या पेशी घेतल्या. बाहेर रिक्षा घेऊन उभ्या असलेल्या मणीच्या घेतल्या. दोन काचा शेजारी शेजारी.

पंचापकेशरावांनी चष्मा कपाळावर चढवला. पूर्वज राजांबरोबर इकडे आले, ही गोष्ट ते दूधवाल्यालाही सांगतात. एका काचेपाशी थांबले. "आहा! बघा, आकार बघा! मधला तो केंद्रक कसा ठाम बसलाय! हे कूळच वेगळं."

सुगुणा माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

जयंती दाराबाहेर वाकून म्हणाली, "मणी अण्णा, अभिनंदन!"

*

बटाट्याचा प्रयोग ठाऊक असेल. कच्चा बटाटा सोलून मध्ये पोखरायचा, खळग्यात साखरेचं पाणी भरायचं, टाचणीनं खूण करायची आणि बटाटा साध्या पाण्यात ठेवायचा. पाणी पेशींमधून वाट काढत आत शिरतं आणि खळग्यातली पातळी चढते.

सुगुणेची चढली. जयंतीची ढिम्म! शिवाय भांड्यातलं साधं पाणी गोड.

चौकशीत कळलं की पाटीनं बटाटा आधी उकडून दिला होता. "कच्चा बटाटा घेऊन पोरगी शिकवणीला कशी जाईल? भूक लागली तर?"

मी तिण्णैवर हात आपटून सांगितलं, "उकडलं की पेशी मेली. जिवंत पेशीचं आवरण निवड करतं. याला आत घ्यायचं, त्याला नाही. मेलेल्या पेशीला पर्वा नसते. कुणीही यावं, कुणीही जावं, दार सताड उघडं!"

तेव्हा पेपरात रोज तेच. परदेशी कंपन्या आल्या, परदेशी पेयं आली, डिशवर परदेशी चॅनेलं आली.

जयंती विचारात पडली. "अक्का, म्हणजे दिल्लीवाल्यांनी देश उकडलाय?"

*

मार्गळी महिना. पहाटे प्रत्येक दारात मोठाली कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी. मी सुगुणेला म्हटलं, "तोंडानं नाही तर हातानं बोल. पेशी काढ."

काय काढली पोरीनं! बाहेर आवरण, आत जाळ्या, मधोमध केंद्रक, आणि आजूबाजूला पाव डझन मायटोकॉन्ड्रिया, आत नागमोडी घड्या घातलेले. केंद्रकावर शेणाचा गोळा आणि त्यात भोपळ्याचं पिवळं फूल, रीतीप्रमाणे.

सकाळी देवळातून परतणाऱ्या दोन माम्या थबकल्या. एकीनं चपला काढल्या. दुसरीनं प्रदक्षिणा घातली. मग सुगुणेला विचारलं, "कुठल्या देवीचं यंत्र गं हे?"

सुगुणेचे ओठ हलले. आवाज नाही. जयंतीला कसलं राहवतंय! नागमोडी घड्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "मायटोकॉन्ड्रिया अम्मन."

"काय देते?"

"शक्ती!"

दुपारी त्यातली एक माझ्याकडे आली. ओरत्तनाडुला बहीण आहे, तिला अशक्तपणा आहे, देऊळ कुठल्या बसस्टॉपला?

*

आणि मग प्रॅक्टिकलचा दिवस.

पंचापकेशरावांनी कंप्युटर सेंटरचा फॉर्म खिशात घालूनच मुलीला शाळेत सोडलं. फाटकाबाहेर उभे राहिले. मीही उभी राहिले. त्यांनी छत्री पुढं केली, मी घेतली नाही.

आत काय झालं ते जयंतीनं शेजारच्या टेबलावरून ऐकलं. तिचं ऐकणं तिच्या बोलण्याइतकंच पक्कं.

बाहेरून आलेले परीक्षक कुंभकोणमचे. कपाळाला भस्म, ओठांवर हसू नाही. सकाळपासून तमिळ आणि इंग्लिश. सुगुणेनं जांभळ्या पानाची साल मिठाच्या पाण्यात घालून मायक्रोस्कोपखाली लावली होती. स्लाइड सुरेख. परीक्षकांनी इंग्लिशमध्ये विचारलं, इथं काय झालंय? सुगुणा गप्प. तमिळमध्ये विचारलं. गप्प. त्यांनी पेन उघडलं.

सुगुणेनं एकदा भिंगात बघितलं आणि तोंड उघडलं. पण आम्ही सगळे बाहेर तमिळ आणि घरात मराठी बोलणारे. माझी शिकवणी घरातली. पोरगी भिंगाला डोळा लावून मराठीतच सुटली!

"सर, हे मावडूच्या लोणच्यासारखं आहे. आवळ्याएवढ्या कोवळ्या कैऱ्यांवर मीठ घातलं की कैऱ्या आक्रसतात आणि बरणीत पाणी सुटतं. कारण मीठ बाहेर जास्त, आत कमी. आवरण पाण्याला जाऊ देतं, मिठाला सहजी आत घेत नाही. म्हणून पाणीच बाहेर येतं. इथं तेच झालंय. पेशीची भिंत जागची हलली नाही, पण आतला जीवरस भिंत सोडून मध्ये गोळा झालाय. आता साधं पाणी घातलं तर परत फुगेल. लगेच घालायला पाहिजे. उशीर झाला तर नाही."

मग तिला कळलं आपण कुठल्या भाषेत बोललो ते. डोळे भरले.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या टेबलावरच्या परीक्षक बाई लिहिण्यात गुंतल्यात ना, ते बघितलं. पुढं वाकले आणि हळूच, आमच्या गल्लीतल्या मराठीत म्हणाले, "मावडूला एरंडेल आधी लावतात की मीठ आधी?"

"एरंडेल आधी," सुगुणा म्हणाली. मग डोळे पुसून, "पण सर, हे सिलॅबसमध्ये नाही."

"ठाऊक आहे गं. पण अम्मा गेल्यापासून आमच्या घरचे मावडू आक्रसतच नाहीत. टुमटुमीत राहतात आणि नासतात."

सुगुणा ताठ उभी राहिली. दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली, एवढा तिचा आवाज मोठा.

"सर, मग तुमचं मीठ कमी पडतंय!"