अंगणात आखलेल्या तीन गाड्या

गाडी आल्याचं मला आवाजावरून कळलं. कडेगावच्या वेशीतून आमच्या घराकडे येताना एक चढ लागतो. तिथं दादा गियर असा बदलायचा, की भरल्या गाडीलाही हिसका बसू नये. त्या सकाळी गियर कर्रकन ओरडला. आवाज आमच्याच लॉरीचा होता, हात मात्र दुसऱ्याचा. मी पडल्या पडल्या हाक मारली, "आई, गाडी दादा चालवत न्हाई!" आई बाहेर धावली, आणि मग तिचा जो आवाज आला तो...

दादा गाडीतच होता. पण मागे. गूळ घेऊन सांगलीला गेला तेव्हा अंगात ताप होता, तो त्यानं अंगावर काढला. दवाखान्यात नेईपर्यंत दोन्ही फुप्फुसं भरली होती. गावातल्याच एकानं गाडी परत आणली. येताना धूळ लागू नये म्हणून चारी बाजूंची ताडपत्री खाली सोडून करकचून बांधली होती, हे मला अंगणातल्या बोलण्यातून कळलं. मी खोलीतून ओरडत राहिले, "ताडपत्री वर करा! आधी ताडपत्री वर करा!" दुःखानं पोरीचं डोकं फिरलं, असं बायका म्हणाल्या. मी भ्रमात नव्हते. मी तसं का ओरडत होते, हे एक दादाच सांगू शकला असता. तो गेल्याला आता महिना होऊन गेला. म्हणून मीच सांगते.

चौदाव्या वर्षी माझ्या पाठीच्या कण्याला क्षय झाला. मिरजेला दवाखान्यात मला कितीतरी महिने प्लास्टरमध्ये ठेवलं होतं. जीव वाचला, पाय गेले. घरी आणून मला ज्या खोलीत ठेवलं तिला एकच खिडकी, तीही उशाकडे. म्हणजे खिडकी असून मला दिसायची नाही. दिसायचं ते आढं, आणि त्याला लोंबणारी कांद्यांची जुडी. पाऊस, सुगी, लग्नाच्या वराती, सगळं मी नुसतं ऐकलं. त्या काळात दादा, माझा थोरला भाऊ हणमंत, फौजेत लॉरी चालवायला गेला होता. ब्रह्मदेशात होता एवढंच आम्हाला ठाऊक.

लढाई संपल्यावर तो परतला तो वाळलेला, आणि अबोल. घरात झोपायचा नाही. अंथरूण कायम अंगणात, पावसात गोठ्याच्या वळचणीला. आमचे वडील, आबा, चिडायचे. "फौजेत ऱ्हाऊन घर नकोसं झालंय हेला," म्हणायचे. माझ्या खोलीतही तो कधी आत आला नाही. उंबऱ्यावर बसायचा, पाठ चौकटीला, एक पाय बाहेर. तिथूनच गप्पा. मला वाटायचं, माझी अवस्था त्याला बघवत नाही.

एक दिवस उंबऱ्यावरूनच म्हणाला, "शांते, तुला गाडी करतो."

"कसली गाडी रं?"

"ऱ्हायाची. तुझी खाट आत, चूल आत, पाण्याचं पिंप आत. तू पडल्या पडल्या मुलूख बघायचा."

मी हसले. पण तो सांगलीला जाऊन आला होता. लढाईत वापरलेल्या लष्करी गाड्या एका व्यापाऱ्यानं लिलावात घेऊन आवारात उभ्या केल्या होत्या. त्यातल्या तीन दादाच्या मनात भरल्या. कुठली घ्यायची ते मी सांगावं, असं त्याचं म्हणणं. आठ वर्षांत मला कुणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. लुगड्याचा रंगसुद्धा आईच ठरवायची.

"मी बघणार कशी?" मी म्हटलं.

त्यानं सुतळीवर गाठी मारून मापं आणली होती. दुसऱ्या दिवशी अंगण झाडलं आणि पांढऱ्या फक्कीनं तिन्ही गाड्यांची तळं खऱ्या मापानं आखली. मग आबांनी माझी खाट उंबऱ्यापर्यंत ओढली, तिथून आबा आणि तो, दोघांनी ती उचलून बाहेर आणली. कितीतरी दिवसांनी डोळ्यांवर आभाळ आलं, ते मला सोसेना. पदर तोंडावर घेऊन मी थोडा वेळ तशीच पडून राहिले.

पहिली आखणी छोट्या गाडीची, साहेब लोकांना नेणारी. खाट मावली, पण शेजारी माणूस बसेना. "ही न्हाई," मी म्हटलं, "हिच्यात मी एकटीच पडणार. ते काय घरात होत न्हाई?" दुसरी तीन टनी लॉरी. जागाच जागा. दादा फक्कीच्या रेघा ओलांडून आत आला, मांडी घालून बसला, चूल कुठं, पिंप कुठं, हातानं दाखवू लागला. पण लॉरीच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कडक, माल वाहायचे. "लय हादरं बसतील गं," तो म्हणाला. "तुझी पाठ सोसायची न्हाई."

तिसरी अँब्युलन्स. आबांना तीच पसंत होती. "आजारी माणसाचीच गाडी हाय ती," ते म्हणाले. "मऊ चालती, खाट अडकवायला कड्या हाईत. इचार कसला करायचा त्यात?" सगळं खरं होतं. आबांनी खाट त्या रेघांत ओढली, दादा बाहेर उभा राहून सांगत होता. इकडे कड्या, इकडे फळी, दार मागच्या बाजूला.

"खिडक्या कुठं?" मी विचारलं.

"न्हाईत. पत्रा हाय."

"पाडता येतील की."

"येतील."

"मग आत येऊन दाव की, कुठं पाडायच्या."

दादा रेघेपर्यंत आला आणि थांबला. नुसती फक्की होती हो जमिनीवर. वर मोकळं आभाळ. पण त्याचा पाय उचलेना. कपाळावर घाम आलेला मी पाहिला. आबा बैलांना पाणी दाखवायला गेले होते. मी हळूच विचारलं, "काय झालं रं दादा?"

तो रेघेबाहेर उकिडवा बसला आणि जमिनीकडे बघत बोलला. ब्रह्मदेशात पायाला जखम झाली तेव्हा त्याला असल्याच गाडीत घातलं होतं. आणखी दोघं जखमी होते. घाटात गाडी घसरून खाली गेली, दार पत्र्यात अडकलं. बाहेरचा माणूस येईपर्यंत आत तिघं होते... "दार उघडलं तवा मी एकलाच बोलत व्हतो," दादा म्हणाला. "त्या दोघांशी बोलत व्हतो. ते कवाच गेलते." मग म्हणाला, "आबास्नी सांगू नगंस. येडा झाला म्हणतील."

आणि तरीही त्यानं ती गाडी आखली होती. माझ्या पाठीला मऊ म्हणून. मी हो म्हटलं असतं तर तो ती घेणार होता, चालवणारही होता.

"मला लॉरी पायजे," मी म्हटलं.

"हाडं मोडतील तुझी."

"मोडायला ऱ्हायलंय काय त्यात? लॉरीच घे. आन् फळ्या नगं लावूस वरपतुर. चारी बाजू उघड्या ठेव."

आबांनी लॉरीला परवानगी दिली ती एका अटीवर. गुऱ्हाळं चालू असतील तोवर ती गूळ वाहील. पेट्रोल रेशनवर होतं, त्याची कूपनंही मालासाठीच मिळायची. दादानं मान हलवली. मग महिनाभर अंगणात ठोकाठोक चालली. कडेच्या फळ्या कमरेइतक्याच, वर लोखंडी कमानी, त्यांवर ताडपत्री, हवी तेव्हा गुंडाळून बांधता येणारी. हादऱ्यांवर त्यानं उपाय काढला तो असा, की खाट जमिनीला टेकवलीच नाही. नाड्यांनी कमानींना टांगली आणि नाड्यांच्या मध्ये टायरच्या जुन्या ट्यूब बांधल्या. गाडी उसळली की खाट पाळण्यासारखी झुलायची. पहिल्या फेरीला मला मळमळलं, पण पाठ दुखली नाही.

फिरणं झालं ते थोडंच. सुगीभर गाडी गुळाच्या ढेपांनी भरलेली असायची आणि मी खोलीत कांदे बघत पडलेली. गाडी सांगलीच्या रस्त्याला लागल्याचा आवाज विरेपर्यंत ऐकायचे. तेव्हा पूर्वीपेक्षा जास्त कोंडल्यासारखं व्हायचं, कारण आता बाहेर काय आहे ते मी पाहिलेलं होतं. दादाचंही तसंच. शेत, गुऱ्हाळ, आबांचा शब्द, यातून तो सुटला नाही. पण कूपन उरलं की तो उंबऱ्यावर येऊन उभा राहायचा, आणि मला सगळं समजायचं.

एकदा वडूजच्या पुढे गेलो होतो. आई बरोबर होती. ती जवळच्या वस्तीवर ओळखीच्या बाईकडे ताक आणायला गेली. दुपारची वेळ, उघडा माळ, झाड नाही की घर नाही. दादानं चारी ताडपत्र्या वर बांधल्या, माझ्या खाटेखाली लाकडी तळावर आडवा झाला, आणि थोड्या वेळानं घोरायला लागला. तो फौजेतून परत आल्यापासून छपराखाली झोपलेला दादा मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला तहान लागली होती. तांब्या हाताला येत नव्हता. हाक मारली असती तर तो उठला असता. मी मारली नाही. आई येईपर्यंत तो झोपला, मी तहानलेली राहिले, आणि त्या दुपारइतकं सुख मला कधी झालेलं नाही.

दादाचे दिवस झाल्यावर मी खोलीत जायला नकार दिला. आता माझी खाट लॉरीतच टांगलेली आहे. गाडी अंगणात उभी. घरात चालवायला कुणी नाही, ती विकायची बोलणीही मी ऐकते. परवा संध्याकाळी आबा आले. दादा गेल्यापासून ते कुणाशी धड बोललेले नाहीत. मागच्या फळीला धरून कसेबसे वर चढले आणि उभेच राहिले.

"हणमंता झोपायचा कुठं हितं?"

मी खाटेखाली बोट दाखवलं. आबांनी पटका काढून बाजूला ठेवला आणि तिथं आडवे झाले. मला ते दिसत नव्हते, मी त्यांना दिसत नव्हते.

"पोरी, घर सोडून अंगणात का झोपायचा गं त्यो? माज्यावर राग व्हता का?"

मग मी सांगितलं. ब्रह्मदेश, घाट, अडकलेलं दार, ते दोघं. आबा खालून म्हणाले, "मी रोज वरडायचो त्याच्यावर, घरात झोप म्हणून..."

दिवे लागल्यावर आईनं त्यांना जेवायला हाक मारली. आबा उठले नाहीत. "माजं अंथरूण हितंच आण," त्यांनी तिला सांगितलं.