मी गिळलेलं शून्य

मित्रांनो, आज सकाळपासून मी एका अंगणवाडीसेविकेवर जळतोय. लपवत नाही.

शहाद्याजवळच्या एका गावात कुपोषणावर बोलायला गेलो होतो. समोर ऊसतोडीला आलेली सातपुड्यातली एक आई, मांडीवर दहा महिन्यांची लेक. मी त्या मुलीचं वजनाचं कार्ड उचललं आणि माईकवर गरजलो, "गेल्या महिन्यात सात पॉइंट आठ, आज सात पॉइंट दोन! सहाशे ग्रॅम कुठे गेले?"

आईचा चेहरा उतरला. तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं.

सेविका सुनंदाताईंनी कार्ड पाहिलं आणि अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शून्य गिळी टाकं! सात पॉइंट शून्य आठ शे ते. म्हणजे सात किलो ऐंशी ग्रॅम. आज सात किलो दोनशे. पोर वाढनी!"

मग त्या आईशी तिच्या पावरी बोलीत दोनच वाक्यं बोलल्या. ती रडता रडता हसली. टाळ्या पडल्या, ताईंसाठी.

वीस वर्षं व्यासपीठं गाजवतोय, घरात पुस्तकांची चार कपाटं आहेत. पण माझ्या एकाही भाषणाला असं हसू मिळालेलं नाही.

इतकं जळत असताना तुम्हाला टाळ्या वाजवता आल्या असत्या? मला नाही आल्या. म्हणून आता इथे वाजवतोय.