सरूबाईची वाट

दुपारच्या ऑनलाइन तासाला मुलांना कोर्टाचे निकाल शोधायला लावून शर्वरी डोईफोडे टेबलावरच डोकं टेकवते. नांदेडच्या एका विधी महाविद्यालयात ती दुसऱ्या वर्षाला कायद्याचं संशोधन शिकवते. निदान तसा प्रयत्न करते. वेबसाइटवर जुने निकाल कसे शोधायचे, हे तिने स्क्रीन दाखवून पुन्हा पुन्हा समजावलंय. तरी मागच्या असाइनमेंटला निम्म्या वर्गाने एकच उतारा चिकटवला, आणि काहींनी तर कुठल्याच कोर्टाने न दिलेले निकाल. आत्ताही समोर नुसते काळे चौकोन आहेत. हाक मारली तर कुणी ओ देत नाही. पंख्याची घरघर लांब लांब जाते.

एका चौकोनातला कॅमेरा सुरू होतो. हसनाळकर सर. ती ज्यांच्या हाताखाली वकिली शिकली, ते. सर वारलेत हे तिला ठाऊक आहे, पण त्याचं आत्ता नवल वाटत नाही. ते नुसतेच ओठ हलवताहेत.

"सर, माइक बंद आहे तुमचा."

सर वैतागून चष्मा काढतात, आणि ती ग्रंथालयात त्यांच्या शेजारी बसलेली असते. कपाटांच्या मधून ज्वारी वाढलीय. ती सगळं गाऱ्हाणं ओतते: मुलं वाचत नाहीत, वेबसाइट मधेच अडकते, प्राचार्यांना फक्त हजेरी हवी असते. सर ऐकून घेतात, पण धीराचा शब्द काही देत नाहीत.

"शोधायला काय दिलंस?"

"सुविधाधिकार. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्या-येण्याच्या हक्काचे निकाल."

"कुणासाठी?"

तिला प्रश्नच कळत नाही. मार्कांसाठी, ती म्हणते. सर उठून ज्वारीतून चालू लागतात.

ज्वारी संपते तिथे काटेरी कुंपण, पलीकडे विहीर. कुंपणाशी सरूबाई उभी आहे, सरांची जुनी पक्षकार. विहिरीत हिचा वाटा, पण वाट दिराच्या शेतातून, आणि दिराने ती काटे टाकून बंद केलेली.

"माझं कुठवर आलं, बाई?" सरूबाई विचारते.

शर्वरीच्या हातात लॅपटॉप आहे. ती शब्द टाकते. चक्र फिरत राहतं. पुन्हा टाकते. आता तिचा संताप होतो.

"तुमचं बरं होतं, सर. तुमच्यासमोर माणूस बसलेला असायचा. मी या चौकोनांना काय दाखवू?"

"हिलाच दाखव की," सर म्हणतात, आणि दिसेनासे होतात.

कुंपणाच्या जागी आता काळे चौकोन आहेत. शर्वरी त्यांना सरूबाईची हकीकत सांगते. विहीर, दीर, काटे, सगळं. "अरे, तिने पाण्याला जायचं कसं?" ती ओरडते, आणि स्वतःच्याच आवाजाने जागी होते.

गालावर कीबोर्डच्या खुणा उमटल्यात. मीटिंग चालूच आहे, माइकसुद्धा; म्हणजे झोपेतलं तिचं सगळं बोलणं वर्गाने ऐकलंय. तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. बरीच मुलं निघून गेलीत. ती घाईने माइककडे हात नेते, तेवढ्यात चॅटमध्ये तिला एक मेसेज दिसतो. तरन्नुम पठाणचा, वर्षभरात एक शब्द न बोललेल्या मुलीचा.

"मॅडम, सरूबाई त्या वाटेने किती वर्षं जात होती? एका निकालात सगळं त्यावरच ठरलंय. मी शेवटपर्यंत वाचला."

खाली लिंक आहे. शर्वरी माइककडे नेलेला हात मागे घेते.