एकेचाळीस नंबरचं पिल्लू

नळ्या माझ्या हातून बदलल्या नव्हत्या. हे सगळ्यात आधी सांगते, कारण त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्यांदा बोलले की शेवटी माय फोनवर म्हणाली, "मंग कोण म्हणते बदलल्या म्हणून? त्याले आन माह्यापाशी."

मी अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत काम करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बार्शीटाकळीहून रोज एसटीनं जाऊन-येऊन बी.एस्सी. केलं, मग अमरावतीला होस्टेलवर राहून एम.एस्सी. आईबाप दोघंही रोजमजुरीवर. पोरगी काय करते, असं कोणी विचारलं की माय सांगते, "माकडाइचं रगत तपासते," आणि समोरच्याचं तोंड कसं होतं ते पाहत उभी राहते. तिला त्यात मजा वाटते. मलाही वाटते.

काम असं आहे. एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं, तर त्याचं शरीर ते परकं म्हणून ओळखतं आणि नाकारतं. ओळखतं पेशींवरच्या खुणांवरून. माणसात असतात तशाच खुणा माकडातही असतात. म्हणून किती खुणा जुळल्या तर परकी कातडी किती दिवस टिकते, हे आम्ही आधी माकडांत पाहतो. भूल देऊन नखाएवढा तुकडा एकाचा दुसऱ्याला लावतात. दया येत नाही का, असं विचारणारे भेटतात. येते. म्हणूनच माझ्या टेबलावर चूक चालत नाही. जोडी चुकीची लावली तर त्या मुक्या जनावरानं सोसलेलं सगळं फुकट गेलं.

मायला मी हे लुगड्यावर समजावलं होतं. प्रत्येकाच्या अंगावर खुणांचे दोन काठ, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. आईच्या दोन काठांपैकी एक लेकराजवळ असणारच. माय म्हणाली, "एवढं सोपं हाय तं एवढी वर्षं काहून शिकली?"

आमची माकडं अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावाबाहेरच्या एका आवारात असतात. तिथे रक्त घ्यायचं, मांडीवर गोंदलेला नंबर नळीवर लिहायचा, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि डबा अकोल्याला आणायचा. तो बहुतेक वेळा मीच आणते, एसटीत मांडीवर घेऊन. एकदा शेजारच्या बाईनं विचारलं, "मासोया हायेत का व?" मी म्हटलं, "नाही, रक्त आहे." अकोल्यापर्यंत दोन सीट माझ्या एकटीच्या.

त्या खेपेला एकेचाळीस नंबरच्या पिल्लाचा निकाल आला आणि मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. आवारातल्या रजिस्टरप्रमाणे त्याची आई सतरा नंबरची माकडीण. पण पिल्लाचा एकही काठ सतराशी जुळत नव्हता. एकही नाही. आणि हीच आई-लेकराची जोडी पुढच्या महिन्यात कातडीच्या प्रयोगाला घ्यायची ठरली होती.

मी कागद घेऊन सरांकडे गेले. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण घाईचा. त्यांनी कागद पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नळ्या बदलल्यात तुमच्या हातून."

"नाही बदलल्या, सर."

"मग काय, आईनं दुसऱ्याचं लेकरू जन्माला घातलं?"

सगळे हसले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, तो पुण्याचा, म्हणाला, "तुमच्या एसटीत खड्डे फार. नळ्यांनीच जागा बदलल्या असतील."

"खड्ड्यानं नळी हालते," मी म्हटलं, "तिच्यावर लिहिलेला नंबर नाही हालत."

उरलेल्या रक्तावर मी तपासणी पुन्हा केली. निकाल तोच. सर म्हणाले, रक्त चुकीच्याच नळीत असेल तर दहादा केलं तरी तेच येणार. हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी बैठक आहे. तोवर उलगडा झाला नाही तर या खेपेचे सगळे नमुने बाद धरावे लागतील. आणि तुमचा करारही याच महिन्यात संपतोय, हे लक्षात ठेवा."

ते माझ्या लक्षातच होतं. करार वाढला नाही तर मी बार्शीटाकळीला परत जाणार, आणि जाताना सोबत नेणार काय, तर 'नळ्या बदलणारी' हे नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी अमरावती गाठली. माकडांची देखभाल करणारे चाचा आवाराच्या फाटकाशीच बसले होते. मूळचे परतवाड्याचे, पांढरी दाढी, या कामात डोक्यावरचे केस गेलेले. मला पाहून म्हणाले, "काय व बेटा, डबा तं परवाच नेला ना? बर्फ इतरला का?"

"बर्फ नाही वितळला चाचा, माझं डोकं तापलं." मी त्यांना सगळं सांगितलं. आवारातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडून सतरा आणि एकेचाळीसचं ताजं रक्त घ्यायचं आहे, दोन्ही नळ्यांवर नंबर माझ्या डोळ्यांसमोर लिहायचा आहे. सतराचा आणि त्या पिल्लाचा मेळच बसत नाही.

चाचा शांतपणे म्हणाले, "कसा बसंल? ते तं नऊ नंबरचं लेकरू हाय."

मी डबा खाली ठेवला. "नऊचं?"

"नऊनं जनलं त्याले. मी सोता पाह्यलं. पण तिले दूधच नाही आलं. लेकरू दिवसभर कुं-कुं करे. सतराचं पिल्लू त्याच्या दोन दिवसाआधी मेलं होतं. तिनं याले उचललं, छातीले लावलं. नऊनं एकदा पाह्यलं न् तोंड फिरवलं. तवापासून तिचंच हाय ते."

"चाचा! मग रजिस्टरात सतरा काहून लिहिलं?"

"काहून म्हंजे?" ते खरोखर चकित झाले. "जिनं दूध पाजलं तिचं लिहिलं. कोणाचं पिल्लू, असं इचारलं होतं, मी लिहिलं. जनलं कोणं, हे तुमी कोणी इचारलं का मले?"

मला राग आला होता. चाचांनी मग घरची गोष्ट सांगितली. त्यांच्या धाकट्या भावाची बायको बाळंतपणात आजारी पडली, तर त्यांच्या बायकोनं तिच्या तान्ह्या मुलीला आपल्या मुलाबरोबर दूध पाजलं. आता दोघं मोठे झाले. चुलत भावंडांचं लग्न त्यांच्यात होतं, पण या दोघांचं नाही होऊ शकत. एका दुधाचे म्हणजे सख्खे बहीणभाऊ. "आमच्यात दूध म्हंजे रक्तच, बेटा. मंग जनावराचं वेगळं काहून लिहू?"

मग त्यांनी विचारलं, "साहेब मले काढतीन का आता?"

त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं, की माझी चूक नाही हे सिद्ध करायला मला यांची चूक दाखवावी लागणार. मी म्हटलं, "चाचा, आधी नऊचं रक्त घेऊ."

तीन नळ्या घेतल्या. प्रत्येकीवरचा नंबर मी मोठ्यानं वाचला आणि चाचांनी मांडीवरच्या नंबराशी मिळवून "हाव" म्हटलं. शनिवारपर्यंत मी टेबल सोडलं नाही. सतराचा निकाल पहिल्यासारखाच. एकेचाळीसचाही. आणि नऊच्या दोन काठांपैकी एक एकेचाळीसच्या अंगावर जसाच्या तसा. मी एकटीच होते. टाळी वाजवली. लाज कसली त्यात?

सोमवारी बैठकीत मी तिन्ही निकाल एकाखाली एक लावले. सरांनी ते ओळीनं बोट फिरवून पाहिले. मग मला ज्याची भीती होती तोच प्रश्न पहिला आला, "रजिस्टर कोण भरतं?"

"चाचा भरतात. त्यांनी खोटं काही लिहिलं नाही, सर. आपल्या छापील रजिस्टरात 'कोणाचं पिल्लू' एवढा एकच रकाना आहे. त्यांच्या हिशेबानं दूध पाजणारी ती आई. जन्माचा रकाना आपण ठेवलाच नाही. आणि एवढ्या वर्षांत तिथं बसून त्यांना विचारायला आपल्यातलं कोणी गेलं नाही. मीसुद्धा डबा घेतला की गाडी पकडायची."

पुण्याचा सहकारी म्हणाला, "म्हणजे बाकीच्या नोंदीही अशाच असू शकतात."

"असू शकतात," मी म्हटलं. "पण त्या सांगू शकेल असा माणूस एकच आहे. त्याला काढलं तर विचारणार कोणाला?"

 दोन दिवसांनी सर स्वतः माझ्यासोबत आवारात आले. पालथ्या बादलीवर बसून त्यांनी मांडीवर रजिस्टर घेतलं. ते एकेक नंबर वाचत गेले आणि चाचा सांगत गेले, हे हिचंच, हेही हिचंच, हे मात्र दुसरीचं. कुठे पाहून नाही, तोंडपाठ. आणखी दोन पिल्लं निघाली. दोन्ही नंतर रक्तात चाचा म्हणाले तशीच जुळली. सर निघताना चाचांना 'तुम्ही' म्हणाले. आधी 'अरे' म्हणायचे.

मधेच चाचांनी विचारलं होतं, "बेटा, मंग दुधानं काईच नाही होत का? अंगात काई तं जात असंल."  खरं सांगायचं तर नेमकं उत्तर आमच्याकडे नव्हतं. सतराची कातडी त्या पिल्लाच्या अंगावर परक्याइतकीच टिकेल की जरा जास्त, हा प्रश्न आता आमच्या कामाच्या यादीत आहे. यादीत तो मी लिहिला, पण विचारला चाचांनी, हे मी प्रत्येक वेळी सांगते.

माझा करार वाढला. रजिस्टरात आता दोन रकाने आहेत, 'जन्म कोणापासून' आणि 'दूध कोणाचं'. पण मला आणखी एक गोष्ट हवी होती. मी सरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "सर, नळ्या बदलल्या असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होता. नाही बदलल्या, हे अहवालात लिहून द्या."

ते हसले. "अहो, आता सगळ्यांना कळलंय की."

"कळलंय, सर. लिहिलेलं नाही."

त्यांनी पेन काढलं आणि अहवालाच्या तळाशी लिहून कागद माझ्याकडे सरकवला. मी उभ्या उभ्याच वाचलं. 'नमुने गोळा करताना बहुधा कोणतीही चूक झालेली नाही.'

मी कागद परत त्यांच्यासमोर ठेवला.

"सर, 'बहुधा' खोडा."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि खोडलं.